एकोणतीसचा पाढा

डीटरचं नाव मी कुठल्याही मुलाखतीत आपणहून घेतलेलं नाही. पत्रकार घ्यायचे. 'तुम्हाला शोधून काढणारे डीटर' असं म्हणायचे, जणू मी जंगलात हरवले होते आणि हा माणूस बॅटरी घेऊन मला हुडकत आला. मी हसून पाण्याचा ग्लास उचलायचे आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघायचे. आता खेळणं थांबून खूप काळ लोटला. उजवा खांदा थंडीत माझ्या आधी जागा होतो, वाचायला एक आणि रस्ता बघायला दुसरा असे दोन चष्मे लागतात. तेव्हा बोलायला हरकत नाही. मोठं मन करून माफ करून टाकावं, त्याने आपलंच ओझं हलकं होतं, असं आमच्या योगाच्या बाई सांगतात. त्यांनी करावं. मला ते जमलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर जमवायचंही नाही.

आम्ही तेव्हा जर्मनीत एर्लांगेनला राहायचो. बाबा तिथल्या एका कंपनीत दवाखान्यातल्या यंत्रांवर काम करायचे. पेशंटभोवती जो लोखंडी हात फिरतो, तो न थरथरता कसा फिरेल हे बघणं त्यांचं काम. आई पुण्यातली बँकेची नोकरी सोडून आली होती आणि ती सोडल्याचं दर शुक्रवारी एकदा तरी बोलून दाखवायची. घर तिसऱ्या मजल्यावर. खाली फ्राउ लिंडनर नावाच्या म्हाताऱ्या बाई, ज्यांना दुपारच्या शांततेच्या वेळेत आमच्या पोळपाटाचाही आवाज ऐकू यायचा. तसा आला की त्या झाडूच्या दांड्याने छत ठोकायच्या, आणि आई पोळी लाटता लाटता मराठीत त्यांना सणसणीत उत्तर द्यायची. खिडकीखालून सायकलींच्या घंटा, बस थांबताना सोडते तो सुस्कारा, आणि न्हाणीघरात टपटप. ही टपटप म्हणजे क्वार्क. आमच्याकडे चक्का मिळायचा नाही, म्हणून आई क्वार्क नावाचं घट्ट जर्मन दही पंच्यात बांधून आंघोळीच्या नळाला टांगायची आणि त्याचं श्रीखंड करायची. शनिवारी आंघोळ करायची असेल तर आधी ते गाठोडं उतरवून बादलीवर ठेवावं लागे. आई मराठीत विचारायची, मी जर्मनमध्ये उत्तर द्यायचे, आणि आवाज चढले की बाबा 'आल्झो', म्हणजे 'तर मग', असं म्हणून आमच्यात पडायचे. त्यांचं जर्मन ऑफिसपुरतं होतं, पण 'आल्झो' मात्र थेट तिथल्या माणसासारखं यायचं.

बाबांची एक सवय सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच अडलं. बाबा बार्शीचे. लहानपणी त्यांच्या घरी रोज संध्याकाळी परवचा व्हायची. आजोबा अंगणात खाटेवर पडून ऐकायचे आणि मुलांनी पाढे म्हणायचे. तीसपर्यंतचे पाढे झाल्याशिवाय कोणाचं पान वाढलं जात नसे. त्यातला एकोणतीसचा सगळ्यात अवघड, त्याच्यावर बाबांनी मार खाल्लेला. पुढे मोठेपणी जीव घाबरा झाला की बाबांच्या ओठांवर तोच यायचा. विमान उडताना, दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत, व्हिसाच्या ऑफिसातल्या बाकावर, माझा ताप वाढला की माझ्या उशाशी. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. आवाज जेमतेम फुटायचा, ओठ मात्र हलताना दिसायचे. मी एकदा विचारलं, हाच का. बाबा म्हणाले, लहान पाढे आपोआप येतात, तोंड पाढा म्हणतं आणि मन घाबरत बसतं. एकोणतीसला मन लागतं, मग भीतीला जागा उरत नाही. कोणी राम म्हणतं, कोणी हनुमान. आमच्या घरात एकोणतीस.

डीटरची मुलगी याना माझ्या वर्गात होती. तिच्या वाढदिवसाला आम्ही सगळ्या मुली एका जुन्या खानावळीच्या तळघरात गेलो. तिथे डार्ट्सचा क्लब होता. भिंतीला ओळीने गोल बोर्ड, त्यांच्यावर पिवळे दिवे, हवेत जुन्या बियरचा आणि गरम रेडिएटरवर वाळत घातलेल्या जॅकेटांचा वास. मुलींना शोर्ले, म्हणजे सोडा घातलेला सफरचंदाचा रस, आणि बाण दिले. बाकीच्या मुलींचे बाण भिंतीला, फरशीला आणि एक तर केकला लागला. माझे बोर्डालाच लागत होते. कैऱ्या पाडायला आई दगड मारायची तेव्हा तिचा नेम बघून मामा लांब उभा राहायचा, अशी घरात दंतकथा होती. ते रक्त असावं. यानाचे बाबा लांबून बघत होते. हीटर बसवायचा धंदा करणारा, रुंद खांद्यांचा, पिवळसर मिशांचा हा माणूस कधीकाळी देशातल्या वरच्या लीगमध्ये खेळलेला. टीव्हीवर जायची वेळ आली आणि कोपर गेलं. ते जवळ आले, मला आणखी तीन बाण मारायला लावले आणि म्हणाले, 'बास्ट शो.' त्या भागात याचा अर्थ नुसता 'ठीक आहे' असा होतो, पण तिथली माणसं याच्यापलीकडे कोणाचं कौतुक करत नाहीत हे मला माहीत होतं. घरी जाईपर्यंत माझे पाय जमिनीला लागले नाहीत.

मला न्यायला बाबा आले होते. मुलीला दारूच्या तळघरात बोलावलं म्हणून कपाळाला आठ्या घालूनच पायऱ्या उतरले. शेजारच्या बोर्डावर दोन माणसं खेळत होती. खेळाचा हिशेब साधा असतो: पाचशे एकपासून सुरू करून दर फेरीला मिळवलेले गुण वजा करत शून्यावर यायचं, आणि शेवटचा बाण बाहेरच्या बारीक कड्यात, म्हणजे डबलमध्ये, लागला पाहिजे. पाटीवर खडूने वजाबाकी करणारा माणूस डोकं खाजवत होता. बाबांनी दारातूनच उत्तर सांगितलं. पुढच्या फेरीला बाण बोर्डातून निघायच्या आत सांगितलं. डीटरने हसत त्यांच्या हातात खडू दिला. तो खडू पुढची दोन वर्षं बाबांच्या हातात राहिला. क्लबच्या प्रत्येक सामन्याला पाटी लिहायला, म्हणजे श्रायबर म्हणून, बाबाच हवे असायचे. ऑफिसात ते 'हेर', म्हणजे श्रीयुत, अमुकतमुक होते. तळघरात नुसते सुहास झाले. जर्मनीत येऊन इतकी वर्षं झाली तरी बाबांना कोणी पाठीवर थाप मारल्याचं मी पाहिलं नव्हतं. तिथे पाहिलं.

आई सहजासहजी ऐकणारी नव्हती. दारूच्या वासात उभं राहून बाण मारणं हे तिच्या लेखी मुलीच्या शिक्षणात बसत नव्हतं. तेव्हा तिला पटवायला डीटर एका रविवारी जेवायला आले, आणि श्रीखंड-पुरीवर असा हात मारला की अर्धी लढाई तिथेच जिंकली. क्वार्कचं असंही होतं हे त्यांना पटेना. न्हाणीघरातलं गाठोडं बघून आले आणि फ्राउ लिंडनरना ऐकू जाईल इतके हसले. मग त्यांचं येणं वाढलं. याना आणि ते, जवळजवळ दर रविवारी. आईच्या हाताखाली पुऱ्या तळायला शिकले, पायातले बूट दाराशी काढायला शिकले, आणि शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नसतो हेही शिकले. आमच्या घरातल्या पॅसेजमध्ये बोर्ड त्यांनीच लावून दिला. बाबांनी पाणसळ लावून तो तीनदा सरळ केला आणि आईने मागे जुनी गोधडी शिवून दिली, आवाज दबावा म्हणून. संध्याकाळी मी बाण मारत बसायचे. गोधडीमुळे आवाज धप् असा मऊ यायचा, आणि स्वयंपाकघरातून फोडणीचा वास आला की शेवटचे तीन मारून पानावर बसायचे.

पाढ्याची गोष्ट त्याच एका रविवारी निघाली. मी बोर्डासमोर उभी असले की माझ्या मागे बाबा काय पुटपुटतात, असं डीटरने विचारलं. बाबांनी लाजत परवचा, खाट, आजोबा, सगळं सांगितलं. डीटरचा विश्वास बसेना. जर्मनीत मुलं दहापर्यंतचे पाढे करतात, फार तर वीसपर्यंत. एकोणतीसचा पाढा कोणी पाठ करतं हे त्यांना जत्रेतल्या अस्वलाइतकं नवलाचं वाटलं. म्हणाले, मीही शिकणार. आणि शिकले. स्पर्धांना आम्ही त्यांच्या कामाच्या गाडीतून जायचो. पुढे ते आणि बाबा, मागे पाइपांच्या तुकड्यांत पाय अडकवून याना आणि मी. पूर्ण रस्ताभर पाढा चालायचा. मराठीतही एकक आधी आणि दशक नंतर, म्हणजे सत्त्याऐंशी म्हणताना सात आधी येतात, हे समजल्यावर त्यांना कोण आनंद झाला. 'आमच्यासारखेच उलटे आहात की तुम्ही,' असं म्हणत स्टिअरिंगवर थाप मारली. चोक एकशे सोळावर महिनाभर अडत होते. मग एके सकाळी, हायवेवर, एका दमात दाहे दोनशे नव्वदपर्यंत गेले. यानाने आणि मी मागून टाळ्या वाजवल्या. बाबांनी खिडकीबाहेर बघत डोळे पुसले, हे मी आरशात पाहिलं.

पुढचं सगळं एका दिवसात झालं.

राज्याच्या मुलींच्या संघात एक जागा होती. त्या संघात गेलं की मोठे प्रशिक्षक, परदेशी स्पर्धा, सगळं पुढचं उघडायचं. नाही गेलं तर तळघर होतंच. त्या जागेसाठी एका छोट्या गावाच्या व्यायामशाळेत दिवसभर सामने होते. सकाळी आम्ही नेहमीप्रमाणे डीटरच्या गाडीतून निघालो. आईने थालीपिठांचा डबा दिला होता, तो वाटेत फस्त झाला. डबा डीटरच्या सीटखाली राहिला. गाडी लावल्यावर डीटर आम्हा दोघींना म्हणाले, 'आज शेवटी तुम्ही दोघीच समोरासमोर आलात, तर मी कोणाचाच नाही.' मला ते फार न्यायाचं वाटलं. मी मान डोलावली. यानाने माझ्या हातावर टिचकी मारली.

आणि तसंच झालं. शेवटच्या सामन्यात याना आणि मी. दोघी बरोबरीत, शेवटचा डाव. शाळेत एकत्र डबा खाणाऱ्या दोन मुली एकमेकींकडे न बघता पाळीपाळीने रेषेवर जात होत्या. त्या दिवशी पाटी स्पर्धेचाच माणूस लिहीत होता, म्हणून बाबा पहिल्या रांगेत बसले होते. त्यांचा पाढा अर्थातच सुरू होता. माझे बत्तीस उरले. सोळाच्या डबलमध्ये एक बाण, की संपलं. यानाचे चाळीस होते. मी रेषेवर पाय ठेवला तेवढ्यात कोणीतरी 'थांबा' म्हणालं. दुसऱ्या एका क्लबचा माणूस उभा राहिला होता. त्याची मुलगी सकाळीच माझ्याकडून हरलेली. तो बाबांकडे बोट दाखवत सांगत होता की हा माणूस प्रत्येक वेळी आपल्या भाषेत मुलीला कुठे मारायचं ते सांगतो. 'मी दिवसभर ऐकतोय,' तो म्हणाला.

पंच होत्या फ्राउ कुंत्स. पांढऱ्या केसांच्या, कडक, पण सरळ बाई. त्या बाबांपाशी आल्या आणि शांतपणे विचारलं, तुम्ही काय म्हणत होतात? बाबा उभे राहिले. बाबांच्या जागी दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, प्रार्थना. बाबा इंजिनिअर. जे विचारलं त्याचं नेमकं उत्तर द्यायचं हे त्यांच्या हाडात होतं. ते म्हणाले, 'आकडे. फक्त आकडे.'

डार्ट्सच्या हॉलमध्ये, मुलगी नेम धरताना, तिचा बाप मागून आकडे म्हणतो. याच्यापुढे सांगायला काय उरलं? हॉलभर कुजबुज झाली. मी धावत गेले आणि सांगितलं की तो पाढा आहे, एकोणतीसचा, ते घाबरले की म्हणतात, त्यात माझ्या खेळाचं काही नाही. मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. एकोणतीसचा पाढा! मला माझंच बोलणं खोटं वाटायला लागलं, इतकं ते त्या हॉलमध्ये विचित्र ऐकू येत होतं. फ्राउ कुंत्स मात्र हसल्या नाहीत. त्या खरंच शोधत होत्या. त्यांनी डीटरकडे पाहिलं आणि विचारलं, 'डीटर, तू या लोकांना ओळखतोस. ही म्हणते ते खरं आहे का?'

मी इतकी निर्धास्त झाले की मला हसू फुटलं. बाबांनाही. ते डीटरकडे बघून, आता सांग बाबा एकदाचं, अशी मान हलवत होते. मला वाटलं डीटर आत्ता सगळा पाढा म्हणून दाखवतील, हॉल टाळ्या वाजवेल आणि मी जाऊन बत्तीस मारेन. डीटरने एकदा यानाकडे पाहिलं. मग हात जॅकेटच्या खिशात घातले.

'मला ती भाषा येत नाही,' ते म्हणाले. 'मी काय सांगणार?'

एक अक्षर खोटं बोलला नाही माणूस. आम्ही आमची भाषा त्यांना कधी शिकवलीच नव्हती, फक्त पाढा शिकवला होता. मी यानाकडे पाहिलं. गाडीत माझ्याबरोबर टाळ्या वाजवणारी याना आपल्या बाणांची पिसं सारखी करत होती, आणि तिने मान वर केली नाही. बाबांच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तसंच होतं, ते कुठे ठेवावं हे त्यांना कळत नव्हतं. फ्राउ कुंत्सनी खांदे पाडले आणि बाबांना बाहेर थांबायला सांगितलं. बाबा 'या, या, गेनाऊ', म्हणजे हो, हो, अगदी बरोबर, असं काहीतरी जर्मनमध्ये म्हणत, वाटेतल्या लोकांची माफी मागत, आपली छत्री घेऊन निघाले. दार लागल्याचा आवाज झाला आणि सामना पुढे सुरू झाला.

मी रेषेवर उभी राहिले. हॉल गप्प. इतका गप्प हॉल मी त्यापूर्वी ऐकला नव्हता. तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की माझा हात त्या पाढ्यावर सुटायचा. एके, पहिला बाण. दुणे, दुसरा. त्रिक, तिसरा. कोणी शिकवलं नव्हतं, पॅसेजमध्ये रोज संध्याकाळी मागे बाबा उभे असायचे, त्यातून आपोआप बसलं होतं. आता मागे काही नव्हतं. हात मागे गेला आणि बोटं उघडेनात. बाण उशिरा सुटला, तारेच्या बाहेर. दुसरा त्याच्याही खाली. तिसऱ्याचं मला आठवत नाही. यानाने येऊन दोन बाणांत वीसचा डबल लावला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. डीटर यानाला मिठीत घेत होते, आणि तिच्या खांद्यावरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला वाचता आली नाही. ती वाचायचा प्रयत्न मी पुढे कैक वर्षं केला, आणि त्याचा आता मला राग येतो.

बाबा पार्किंगमध्ये उभे होते. पाऊस नव्हता तरी छत्री उघडलेली. 'लागला?' त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. बाबा म्हणाले, इट्स ओके, चल, ट्रेन आहे पंधरा मिनिटांत. त्यांनी ट्रेनची वेळ आधीच बघून ठेवली होती, म्हणजे गाडीतून जायचं नाही हे त्यांचंही ठरलं होतं. पण ट्रेनमध्ये बसल्यावर मी डीटरबद्दल तोंड उघडलं तेव्हा मला थांबवून म्हणाले, 'अगं, त्यांना खरंच आठवलं नसेल. गंमत म्हणून शिकले होते, विसरले असतील. आपण सहलीसाठी शिकलेलं फ्रेंच तुला आठवतंय का?' मी खिडकीकडे तोंड केलं. माणसाने चांगलं असावं, पण इतकं असू नये असं मला वाटलं.

घरी श्रीखंड तयार होतं. जिंकलो तर आणि हरलो तरी डीटर आणि याना जेवायला येणार म्हणून आईने मोठा डबा भरून केलं होतं. झालेलं ऐकून तिने डब्याचं झाकण परत लावलं. मग म्हणाली, 'दोन वर्षं या ताटात जेवला तो माणूस. खाल्ल्या मिठाला जागला नाही.' बाबांनी पुन्हा तेच सुरू केलं, विसरले असतील वगैरे. तेव्हा आई त्यांच्याकडे वळली आणि म्हणाली, 'अहो, तुम्ही इतके भोळे आहात, की तसं दाखवता?' श्रीखंड आठवडाभर फ्रिजमध्ये पडून होतं, कोणी हात लावला नाही. पुढच्या शनिवारी दाराबाहेर आमचा थालीपिठांचा डबा ठेवलेला सापडला. स्वच्छ धुतलेला, आणि आत लेबकुखन नावाची मसाल्याची बिस्किटं. डबा रिकामा परत करायचा नसतो हे त्या माणसाला बरोबर आठवत होतं. आईने तो डबा बाबांसमोर ठेवला आणि बघत राहिली. बाबा म्हणाले, चांगली सवय आहे. आईने बिस्किटं फ्राउ लिंडनरना नेऊन दिली. त्या दिवसापासून त्या बाईंनी छत ठोकणं बंद केलं, एवढाच काय तो फायदा.

यानाने वर्षाच्या आत खेळ सोडला. तिला केस कापायचं शिकायचं होतं, आणि ते तिने चांगलं केलं असं ऐकलं. ती जागा अशी वाया गेली. मी न्युर्नबर्गच्या एका क्लबमध्ये जायला लागले, ट्रेनने, एकटी. बाबांनी पुन्हा कधी पाटी लिहिली नाही. मला सोडायला यायचे, पण हॉलच्या आत नाही. बाहेर कॅन्टीनमध्ये कॉफी घेऊन बसायचे आणि मी बाहेर आले की 'लागला?' एवढंच विचारायचे. पाढाही गेला. दातांच्या डॉक्टरकडे मी त्यांच्याबरोबर गेले होते तेव्हा ते खुर्चीचे हात घट्ट धरून, तोंड मिटून पडले होते. कोणी काही काढून घेतल्यासारखं ते मिटलेलं तोंड बघून मला डीटरचा जितका राग आला तितका त्या हॉलमध्येही आला नव्हता. माझा एक सामना गेला, असे मी पुढे पुष्कळ हरले. बाबांची भीतीवरची एकुलती एक मात्रा त्या माणसाने एका वाक्यात गुन्हा करून टाकली.

हाताचं मी माझं बघितलं. ओठ न हलवता, घशाच्या आत, एके दुणे त्रिक म्हणायला शिकले. त्याला वेळ लागला. पण बसलं, आणि त्याच्या जोरावर पुढचं सगळं झालं: वरची लीग, टीव्ही, लोकांनी माझ्या प्रवेशाला बाकांवर उभं राहून गाणं, अनोळखी बायकांनी बेकरीत मिठी मारणं. इतकी शांत कशी राहतेस, असं सगळे विचारायचे. श्वासाकडे लक्ष देते, असं मी सांगायचे. पाढ्याचं मी कोणालाही सांगितलं नाही. तो आमच्या घरचा होता, आणि त्याने एकदा आमची शोभा झाली होती.

मग ड्युसेलडॉर्फची ती दुपार. पहिल्यांदाच इतकी मोठी फायनल, आणि आईने चंग बांधून बाबांना माझ्यापाशी पाठवलं होतं. आज आत बसायचं, असं तिने बजावलं होतं. खेळाडूंच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. मी बोटांना खडू लावत होते, बाबा समोर खुर्चीच्या कडेला बसून भिंतीवरचा टीव्ही बघत होते. चॅनेलने माझ्यावर छोटी फिल्म केली होती. माझी शाळा दाखवली, आमची जुनी इमारत दाखवली. मग ते तळघर, तेच पिवळे दिवे, आणि खुर्चीत डीटर. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. वार्ताहर मुलीने विचारलं, तिचं गुपित काय? डीटर मिशीत हसले. म्हणाले, 'तिचे वडील. ती बाण मारायची आणि ते मागे उभं राहून पाढा म्हणायचे. एकोणतीसचा. आमच्या इथे कोणाचा विश्वास बसणार नाही, पण मी स्वतः त्यांच्याकडून शिकलोय.' आणि म्हणायला लागले.

एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. मी रिमोट शोधत होते, पण बाबांनी हात वर करून मला थांबवलं. त्यांना ऐकायचं होतं. डीटर त्रिक सत्त्याऐंशी म्हणाले, चोक एकशे सोळावर अडखळले नाहीत, नव्वे दोनशे एकसष्ट, दाहे दोनशे नव्वद. एकही चूक नाही. वार्ताहर मुलगी टाळ्या वाजवत होती आणि डीटर तिच्याकडे बघून मान झुकवत होते. मग माझा जुना फोटो आला आणि फिल्म संपली.

बाबा टीव्हीकडेच बघत होते, तिथे आता कसली तरी जाहिरात लागली होती. त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने सावकाश पुसला.

'पाठ होता की गं त्यांना,' बाबा म्हणाले.

बाहेर माझं नाव पुकारलं जात होतं. मी बाण उचलले. बाबा माझ्यामागून आले आणि आईला कबूल केल्याप्रमाणे पहिल्या रांगेत जाऊन बसले.